वऱ्हाडाचा शून्य तास

आमच्या वऱ्हाडात ज्वालामुखीबद्दल काही गोष्टी अगदी ठासून सांगितल्या जातात. गाविलगड म्हणजे विझलेल्या ज्वालामुखीचं तोंड. लोणारची उल्का पडली आणि डायनासोर मेले. काळी माती म्हणजे जुनी राख. सालबर्डीची डायनासोरची अंडी लाव्ह्यात भाजून निघाली. या सगळ्या गोष्टींच्या मुळाशी एकच कल्पना आहे: कधीतरी एका दिवशी इथली जमीन फाटली, आग वाहिली आणि सगळं संपलं.

सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी असा एक भयंकर दिवस खरोखरच उगवला होता, पण तो ज्वालामुखीचा नव्हता. दहा-बारा किलोमीटर रुंदीचा एक लघुग्रह त्या दिवशी आजच्या मेक्सिकोतल्या युकातान किनाऱ्यावर आदळला. त्या दिवसाचा हिशोब तासांत मांडता येतो, म्हणून तो इथे मांडला आहे. शून्य तास म्हणजे आदळण्याचा क्षण. लघुग्रहाचा वेग सेकंदाला साधारण २० किलोमीटर धरला आहे, कारण संशोधकांची बहुतेक गणितं तोच धरतात. प्रत्येक टप्प्यावर प्रश्न एकच: त्या वेळी वऱ्हाडात काय होतं, आणि आपण जे सांगत आलो ते त्यात बसतं का?

२४ तास आधी

लघुग्रह सुमारे १७ लाख किलोमीटर दूर आहे, म्हणजे चंद्राच्या साडेचार पट अंतरावर.

वऱ्हाड आजच्या जागी नाही. भारताचा तुकडा आशियाला अजून भिडलेला नाही. तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला, हिंदी महासागरात आहे आणि वर्षाला दहा-पंधरा सेंटिमीटरच्या वेगाने उत्तरेकडे सरकतो आहे. ऋतूचाही अंदाज आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटात टॅनिस नावाच्या जागी त्याच दिवशी गाडले गेलेले मासे सापडले. त्यांच्या हाडांमधल्या वाढीच्या रेषा पाहून मेलनी ड्यूरिंग आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये दाखवून दिलं की ते मासे उत्तर गोलार्धातल्या वसंतात मेले. म्हणजे दक्षिण गोलार्धातल्या आपल्या जमिनीवर तेव्हा शरद होता.

पूर्णा नदी नाही. आज दिसतो तसा सातपुडा नाही. आहे ते काळ्या लाव्ह्याचं पसरत चाललेलं पठार, त्याच्या खोलगट भागांतली तळी, आणि तळ्यांकाठची झाडी. लाव्हा यायला सुरुवात होऊन साडेतीन-चार लाख वर्षं उलटली आहेत. शेवटचं वाक्य पुन्हा वाचा, कारण पुढचे बरेच दावे तिथेच अडखळतात. सर्वनाशाचा दिवस अजून उगवायचा आहे, आणि ज्वालामुखी लाखो वर्षांपासून चालूच आहे.

२० तास आधी

आता गाविलगडाकडे वळू. चिखलदऱ्याच्या कड्यावर उभं राहिलं की खाली दरी, समोर पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर. एखाद्या खोल दरीकडे बोट दाखवून ‘हेच ते तोंड’ म्हणणारा कुणी ना कुणी भेटतोच. नरनाळा किल्ल्यावरही तेच.

पण दख्खनच्या ज्वालामुखीला फुजियामासारखा एक डोंगर आणि त्याच्या माथ्यावर एक तोंड, असं काही नव्हतं. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा वर येऊन आडवा पसरला. नर्मदा-तापीच्या पट्ट्यात अशा भेगा आजही दिसतात. त्यांच्यात गोठून राहिलेला कातळ भिंतीसारखा उभा आहे. भूशास्त्रात त्याला डाइक म्हणतात. गाविलगडचे कडे हे एकावर एक साचलेल्या लाव्ह्याच्या थरांचे आहेत आणि दऱ्या पाण्याने कोरलेल्या आहेत. पायऱ्या दिसतात त्या थरांमुळे. प्रत्येक थराचा घट्ट भाग कड्यासारखा उभा राहतो आणि वरचा पोकळ, भुसभुशीत भाग झिजून उताराचा होतो.

भेगेतून येणारा उद्रेक कसा असतो हे माणसांनी एकदा जवळून पाहिलं आहे. ८ जून १७८३ रोजी आइसलंडमध्ये लाकी इथे २७ किलोमीटर लांबीची भेग उघडली आणि फेब्रुवारी १७८४ पर्यंत वाहत राहिली. सुमारे १५ घन किलोमीटर लाव्हा बाहेर आला. लाव्ह्याखाली सापडून माणसं मेली नाहीत. मारलं ते वायूने. गंधकाचं धुकं पसरलं, गवतावर फ्लोरिन बसलं, जनावरं मेली, मग दुष्काळ पडला. आइसलंडची सुमारे पाचवा हिस्सा लोकसंख्या त्यात गेली. दख्खनच्या एकेका मोठ्या प्रवाहात हजार घन किलोमीटरहून अधिक लाव्हा होता. काही प्रवाह तर पार आजच्या राजमहेंद्रीपर्यंत, म्हणजे हजारेक किलोमीटर गेले.

म्हणून दख्खनचा ज्वालामुखी निरुपद्रवी होता असं मी म्हणत नाही. त्याचं नुकसान करण्याचं साधन हवेतला वायू होतं. पळणाऱ्या जनावरांच्या अंगावर धावून येणारी आगीची लाट हे चित्र मात्र इथे लागू पडत नाही. असा पातळ लाव्हा सपाट जमिनीवर हळूहळू फुगत पुढे सरकतो, बहुतेक वेळा माणसाच्या चालीपेक्षाही सावकाश.

१६ तास आधी

आता या तासांच्या भाषेतच थोडं थांबावं लागेल. दख्खनचा मुख्य उद्रेक सुमारे दहा लाख वर्षं चालला. दहा लाख वर्षांचे तास किती? ८७६ कोटी. खडकाचं वय मोजण्याच्या आजच्या उत्तमातल्या उत्तम पद्धतींतही काही दहा हजार वर्षांची चूक राहते. मग ‘ज्वालामुखी फुटला तो दिवस’ म्हणताना ८७६ कोटी तासांतला नेमका कुठला तास धरायचा? लघुग्रहाला शून्य तास आहे. लाव्ह्याला तो नाही.

आणि या दहा लाख वर्षांत लाव्हा सतत वाहत होता असंही नाही. त्याचा पुरावा आपल्याकडे बोअर मारणाऱ्यांच्या रोजच्या पाहण्यातला आहे. काळा कातळ लागतो, मशीन तासन्‌तास घुमत राहतं, आणि मध्येच पाण्याबरोबर लाल गाळ वर येतो. पुढे पुन्हा काळा कातळ. तो लाल थर म्हणजे दोन प्रवाहांमधला विसाव्याचा काळ. एक थर थंड झाला, त्यावर पाऊस पडला, ऊन लागलं, खडक कुजून माती झाली, कधी थोडी राखही मिसळली, आणि मग वरून नवा लाव्हा येऊन ती माती भाजून लाल झाली. असा एकेक थर तयार व्हायला हजारो वर्षं लागतात.

काही विसाव्यांत तळी साचली. त्यांच्या गाळात शिंपले, मासे, बेडूक आणि झाडांचे अवशेष सापडतात. नागपूरच्या टाकळीजवळच्या अशा थरांवर स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच लिहिलं होतं. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये जिवंत तळं असू शकतं, ही गोष्ट विदर्भात दीडशेहून अधिक वर्षांपासून माहीत आहे.

१२ तास आधी

लघुग्रह साडेआठ लाख किलोमीटरवर. डायनासोर जिवंत आहेत.

मोर्शी तालुक्यातलं सालबर्डी महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी सगळ्या वऱ्हाडाला ठाऊक आहे. त्याच परिसरात लाव्ह्याच्या खाली लमेटा नावाचे चुनखडीयुक्त वाळूचे थर उघडे पडले आहेत. त्यांत अमरावती विद्यापीठाच्या भूशास्त्रज्ञांना डायनासोरची हाडं आणि अंड्यांचं घरटं सापडलं. नारळाएवढी गोल अंडी घालणारे हे लांब मानेचे शाकाहारी प्राणी होते. जगाच्या जीवसृष्टीच्या इतिहासातला इतका मोलाचा पुरावा आपल्या जिल्ह्याच्या हद्दीवर आहे, आणि यात्रेला जाणाऱ्या लाखोंपैकी फार थोड्यांना त्याची कल्पना आहे. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता ‘भाजलेली अंडी’. अंडी लमेटाच्या गाळात आहेत, लाव्ह्यात नाहीत. आईने ती वाळूत पुरली, ती गाळाखाली गेली, पाण्यातल्या चुन्याने हळूहळू दगड झाली. लाव्हा त्या थरांवर नंतर आला. दोन गोष्टी एकावर एक दिसतात म्हणून त्या एकाच दिवशी घडल्या, ही चूक भल्याभल्यांकडून होते.

याहून बोलका पुरावा कच्छमधल्या अंजारचा. तिथे लाव्ह्याच्या दोन प्रवाहांमधल्या गाळात डायनासोरची हाडं आणि अंड्यांची टरफलं सापडली. म्हणजे आधीचा लाव्हा येऊन गेल्यानंतरही डायनासोर त्या जमिनीवर हिंडत होते, अंडी घालत होते. लाव्हा आला आणि ते संपले, हा दावा अंजारच्या त्या एका थरापुढे टिकत नाही.

सालबर्डी परिसरात गरम पाण्याचा झराही आहे. ‘बघा, खाली ज्वालामुखी अजून जिवंत आहे’ असं त्याच्याकडे पाहून म्हटलं जातं. सातपुड्याच्या पायथ्याला जमिनीत मोठी भेग आहे, गाविलगड भ्रंश नावाची. अशा भेगांतून पावसाचं पाणी खोल जातं, पृथ्वीच्या पोटातल्या नेहमीच्या उष्णतेने तापतं आणि वर येतं. त्यासाठी ज्वालामुखी लागत नाही.

८ तास आधी

काळ्या मातीचा दावा लवकर निकाली निघतो. दख्खनच्या उद्रेकात राख फारच थोडी होती. आपली काळी माती हा कातळ कुजून झालेला चिकण भाग आहे. म्हणूनच ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात. अकोला, मूर्तिजापूर, दर्यापूरकडे तर कातळ खूप खोल आहे. वर पूर्णेने आणि तिच्या उपनद्यांनी आणलेला गाळ आहे, काही ठिकाणी शेकडो मीटर जाडीचा. ही सगळी माती त्या दिवसाच्या फार नंतरची.

साडेपाच तास आधी

लघुग्रह जवळजवळ चंद्राच्या अंतरावर आला. आणि इथे लोणारचा दावा तपासायला हवा, कारण तो सर्वांत लाडका आहे.

१८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने लोणारची नोंद केली. त्यानंतर दीर्घकाळ ते ज्वालामुखीचं विवर मानलं गेलं. चहूकडे लाव्ह्याचा कातळ असताना तो अंदाज चुकीचा असला तरी वेडगळ नव्हता. १९७३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात तिथल्या खडकाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रचंड धक्क्याने खनिजाची काच झालेली सापडली. असा धक्का ज्वालामुखी देऊ शकत नाही, तो आघातानेच बसतो. प्रश्न मिटला.

मग दुसरी चूक सुरू झाली: उल्काच ना? मग डायनासोर मारणारी हीच. इथे प्रयोगशाळाही लागत नाही. लोणारचा खड्डा लाव्ह्याच्या थंड, घट्ट कातळात पडला आहे. कातळ आधी असल्याशिवाय त्यात खड्डा पडणार कसा? खड्ड्याचं वय २०११ मध्ये आर्गॉन पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. आधीचा अंदाज त्याहूनही कमी, पन्नासेक हजारांचा होता. दोन्हींपैकी कुठलंही घेतलं तरी डायनासोरांचा अंत लोणारपेक्षा शंभरपटीहून जुना आहे. आकार पाहा: लोणार १.८ किलोमीटर, युकातानचं चिक्शुलूब विवर १८० किलोमीटर.

लोणारचं मोठेपण यात कमी होत नाही. बेसाल्टच्या, म्हणजे लाव्ह्याच्या काळ्या कातळात पडलेली अशी विवरं पृथ्वीवर अगदी मोजकी आहेत, म्हणून चंद्र आणि मंगळाचा अभ्यास करणारे लोणारला येतात. लवणासुराची कथाही आपली आहे, दैत्यसूदनाचं मंदिरही आपलं आहे. ती कथा म्हणून सांगावी, जपावी. डायनासोरांच्या मृत्यूचा पुरावा म्हणून नको.

१ तास आधी

७२ हजार किलोमीटर. आता प्रश्न असा की दख्खन निर्दोष आहे का?

१९८० मध्ये लुई आणि वॉल्टर अल्वारेझ या बाप-लेकांनी सहकाऱ्यांसह इटलीतल्या गुब्बिओच्या खडकात, लघुग्रहांत विपुल असणाऱ्या इरिडियम धातूचं अनपेक्षित प्रमाण दाखवलं. लघुग्रहाचा सिद्धांत तिथून उभा राहिला. त्याच दशकात फ्रान्सचे व्हिन्सेंट कोर्तीयो यांनी दख्खनचा लाव्हा त्याच काळातला असल्याचं दाखवलं. गेर्टा केलर यांनी तर अनेक वर्षं ज्वालामुखीलाच मुख्य दोषी धरलं. ही माणसं अडाणी नव्हती, त्यांच्याकडे मोजमापं होती.

फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये दोन अभ्यास एकत्र आले. ब्लेअर शोएन यांच्या गटाने लाल थरांतल्या झिरकॉन खनिजाचं वय मोजून म्हटलं की उद्रेक चार झटक्यांत झाला आणि त्यांतला एक मोठा झटका विनाशाच्या काही दहा हजार वर्षं आधी सुरू झाला. कोर्टनी स्प्रेन यांच्या गटाने लाव्ह्याचंच वय मोजून म्हटलं की सुमारे तीन चतुर्थांश लाव्हा विनाशानंतर आला. दोन्ही गट प्रामाणिक, दोन्हींची साधनं उत्तम, निष्कर्ष वेगळे. पुढल्याच वर्षी पिन्सेली हल आणि सहकाऱ्यांनी समुद्रतळाचे नमुने तपासले. दख्खनच्या वायूंनी पृथ्वी सुमारे दोन अंशांनी तापली होती, पण ती विनाशाच्या बरीच आधी, आणि लघुग्रह येण्यापूर्वी तापमान पुन्हा खाली आलं होतं.

माझं मत इथे स्पष्ट आहे. अचानक झालेल्या मृत्यूचा मुख्य आरोपी लघुग्रह आहे. दख्खनने हवामान हेलकावलं आणि नंतरची सावरण्याची वाट किती लांबवली यावर वाद चालू राहील. पण ‘दख्खनच्या ज्वालामुखीने डायनासोर मारले’ हे वाक्य पाठ्यपुस्तकी ठामपणे लिहायची वेळ गेली आहे.

६ सेकंद आधी

वातावरणात प्रवेश. ईशान्येकडून, तिरका.

शून्य

चुनखडी आणि जिप्समचे थर वाफ होऊन उडतात. जिप्सममधलं गंधक आकाशात जातं, आणि खरा घात तेच करणार आहे. २०१६ मध्ये चिक्शुलूब विवरात भोक पाडून नमुने काढले, तेव्हा पहिल्याच दिवशी साचलेला सव्वाशे मीटरहून जाड थर हाती आला. वितळलेला खडक, दगडांचा चुरा, परतलेल्या लाटेचा गाळ, त्यात कोळसा. गंधक मात्र जवळजवळ नाही. ते हवेत गेलं होतं.

२० मिनिटं नंतर

पृथ्वीच्या पोटातून गेलेल्या पहिल्या भूकंपलहरी आपल्या पठारापर्यंत पोचतात. पृष्ठभागावरच्या मोठ्या लहरींना तासभर लागतो, कारण अंतर सुमारे साडेचौदा हजार किलोमीटर आहे.

इथला प्रसिद्ध दावा असा: दख्खन युकातानच्या बरोबर पलीकडच्या टोकाला होतं, धक्का तिथे एकवटला आणि ज्वालामुखी फुटला. पलीकडचं टोक म्हणजे १८० अंश. दख्खन होतं साधारण १३० अंशांवर, म्हणजे टोकापासून साडेपाच हजार किलोमीटर बाजूला. शिवाय लाव्हा साडेतीन-चार लाख वर्षं आधीच सुरू झाला होता. मार्क रिचर्ड्स आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मांडलेली कल्पना वेगळी आणि जास्त सावध आहे: चालू असलेला उद्रेक त्या हादऱ्याने वाढला असावा. ती अजून वादात आहे, पण तपासता येण्याजोगी आहे. लोकांत पोचताना मात्र ‘वाढला असावा’चं ‘सुरू झाला’ होऊन जातं.

मुंबईजवळच्या समुद्रात ‘शिवा’ नावाचं प्रचंड विवर असल्याचा दावा शंकर चॅटर्जी यांनी केला होता. बहुतेक भूशास्त्रज्ञांना तो पटलेला नाही.

४० मिनिटांपासून पुढे

वर उडालेला चुरा परत पडू लागतो, आकाश तापतं. साऱ्या पृथ्वीवर एकाच वेळी वणवा पेटला असं सांगितलं जातं. विवराजवळ आग लागली याला पुरावा आहे. सर्वत्र लागली का, यावर गणितं करणाऱ्यांचं एकमत नाही, कारण पडणारा चुराच उष्णतेला आड येतो. त्सुनामीचंही तसंच. २०२२ च्या एका गणितानुसार लाटा जगभर पसरल्या, पण हिंदी महासागराला बराच आडोसा मिळाला.

ज्या गोष्टीवर वाद कमी आहे ती संथ आहे: गंधक आणि काजळीने झाकलेला सूर्य, थंडी, वनस्पतींचं थांबलेलं अन्न बनवणं. सुमारे तीन चतुर्थांश जाती संपल्या.

२४ तास नंतर

दख्खनचा उद्रेक थांबलेला नाही. स्प्रेन यांच्या मोजणीनुसार तो पुढे आणखी सहा लाख वर्षं चालणार आहे.

पुढच्या महाशिवरात्रीला सालबर्डीला गेलात, लोणारला किंवा चिखलदऱ्याला सहलीने गेलात, तर पोरांना कड्यातले थर दाखवा, मधला लाल पट्टा दाखवा आणि कोणता आधी, कोणता नंतर हे त्यांनाच ओळखू द्या. लमेटाचे दगड फोडू नका, गोल दगड पिशवीत घालून घरी आणू नका. काही वेगळं दिसलं तर जागेवरच ठेवून फोटो काढा आणि संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळवा. जागेवरून हललेल्या दगडाचं वय आणि थर पुन्हा कुणालाच सांगता येत नाही.